आठ फुटी जाळी

परसातली टीव्हीची छत्री भंगारात द्यायची, असं घरात ठरलं होतं. टेम्पो घेऊन गावोगाव फिरणाऱ्या भंगारवाल्यानं ॲल्युमिनियमचा चांगला भाव सांगितला होता आणि धाकट्या भावाला तो पटला होता. मी अंबाजोगाईला शाळेत विज्ञान शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत केज तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो तेव्हा मला हे कळलं. भावाला म्हणालो, "जरा थांब. तिच्यात काय राहिलंय ते आधी बघू दे."

त्यातून पुढचं सगळं काम निघालं. जुन्या डिशवर नवी एलएनबी, नवी केबल, नवा बॉक्स बसवायचा तर कशाला हात लावायचा आणि कशाला अजिबात लावायचा नाही, हे त्या सुट्टीत आणि नंतरच्या रविवारी-रविवारी कळत गेलं. ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण आमच्या भागात घरोघरी अशा डिश पडून आहेत. कुणाचा रिचार्ज राहिला, कुणाचा बॉक्स जळाला, कुणाची कंपनीच बंद पडली. लोक म्हणतात, डिश बिघडली. डिश सहसा बिघडत नाही. ती आकाशातून आलेल्या लहरी एका बिंदूवर गोळा करते, एवढंच तिचं काम, आणि आकार शाबूत असेल तर ते काम ती तीस वर्षांनीही करते. जुना होतो तो त्या बिंदूवर बसवलेला भाग, म्हणजे एलएनबी, आणि घरातला बॉक्स.

वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. नव्वदच्या दशकात त्यांनी ही आठ फुटी डिश लातूरहून सुट्या भागांत आणली. ॲल्युमिनियमच्या कमानी, जाळीच्या पाकळ्या आणि नटबोल्टांची जड पिशवी. तोवर आमच्या माळवदावर बांबूला काड्यांचा अँटेना बांधलेला होता आणि त्याचं तोंड अंबाजोगाईच्या दूरदर्शन प्रक्षेपण केंद्राकडं होतं. वारं सुटलं की बांबू फिरायचा. कुणीतरी वर चढून ओरडायचं, "दिसायलंय का?" आणि खालून उत्तर यायचं, "न्हाई, मुंग्याच यायल्यात!"

ही नवी छत्री मात्र माळवदावर चढवायला वडिलांनी ठाम नकार दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद, अशा घरांखाली माणसं झोपेतच गाडली गेली. आमची घरंही त्याच बांधणीची. त्यानंतर माळवदावर जास्तीचं ओझं म्हणून ठेवायचं नाही, हा वडिलांचा नियम झाला. त्यांनी परसात खोल खड्डा घेतला, काँक्रीट ओतलं आणि त्यात तीन इंची लोखंडी पाइप रोवला. ओळंबा सोडून तो चारही बाजूंनी सरळ आहे की नाही हे बघतानाचे वडील मला अजून आठवतात. गवंडी म्हणाला होता, "एवढं कशाला, भिंत थोडीच बांधायचीय." वडिलांनी ऐकलं नाही. मी इतक्या वर्षांनी पुन्हा ओळंबा लावला, तर पाइप तसाच सरळ उभा होता. काम निम्मं तिथंच झालं होतं.

त्या काळी ही छत्री १०५.५ अंश पूर्वेच्या एशियासॅट-१ या उपग्रहाकडं बघायची. १९९१ मध्ये स्टार टीव्ही त्याच्यावरून सुरू झालं आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही. या उपग्रहाची हकिकत मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळाली. तो मुळात वेस्टार-६ नावाचा अमेरिकी उपग्रह. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून तो सोडला, पण त्याला वरच्या कक्षेत नेणारी मोटर नीट चालली नाही आणि तो खालीच भरकटत राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी त्याला अक्षरशः हातांनी धरून पृथ्वीवर परत आणलं. मग तो दुरुस्त झाला, विकला गेला आणि एप्रिल १९९० मध्ये चीनच्या लाँग मार्च रॉकेटवरून एशियासॅट-१ या नावानं पुन्हा वर गेला. आमच्या परसातल्या छत्रीनं जन्मात पहिल्यांदा ज्याच्याकडं तोंड केलं, तो उपग्रहच मुळी नीट करून परत कामाला लावलेला होता. भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, "तिकडं आभाळातून आणून नीट केलं, आन् आपण परसातलं इकायलोय व्हय?" भंगारवाल्याला त्यानंच नकार कळवला.

छत्रीची अवस्था मात्र बघवत नव्हती. कमानींवर दोडक्याचा वेल चढला होता. लहरी आत घेणाऱ्या मधल्या हॉर्नच्या तोंडात गांधीलमाश्यांचं पोळं होतं. दोन पाकळ्या गारपिटीत दबल्या होत्या. वेल काढला, धूर करून माश्या घालवल्या आणि मग खरी तपासणी सुरू केली.

डिशचा आकार बिघडला आहे का, हे बघायची एक सोपी रीत आहे. काठाच्या एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत सुताचा दोरा ताणून बांधायचा. दुसरा दोरा त्याला आडवा, फुलीसारखा. डिश सपाट बसली असेल तर दोन्ही दोरे मध्यावर एकमेकांना नुसते टेकतात. मध्ये फट राहिली किंवा एकानं दुसऱ्याला दाबलं, तर डिश पिळली आहे असं समजायचं. आमच्या दोऱ्यांत बोटभर फट होती. दबलेल्या पाकळ्यांच्या मागचे बोल्ट सैल केले, लाकडाचा ठोकळा लावून कमानी हळूहळू ठोकत आणल्या. फट मिटेपर्यंत संध्याकाळ झाली.

भावाची मुलगी अकरावीला सायन्सला आहे. पुढचं गणित तिनं केलं. डिशचा व्यास २४४ सेंटीमीटर. दोऱ्यांच्या फुलीपासून डिशच्या तळापर्यंतची खोली मोजली, ती ४० सेंटीमीटर भरली. व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळापट, म्हणजे लहरी जिथं गोळा होतात ती नाभी तळापासून ९३ सेंटीमीटरवर. अन्वस्ताचं हे सूत्र तिच्या पुस्तकात होतंच, पण त्याला टेप लावून मोजता येतं हे तिला पहिल्यांदा दिसलं. नाभी-अंतराला व्यासानं भागलं की ०.३८ येतं. हा आकडा महत्त्वाचा, कारण एलएनबी डिशकडं किती रुंद नजरेनं बघते ते त्यावरून ठरवायचं असतं. ९३ सेंटीमीटरवर, हॉर्नच्या तोंडाच्या किंचित आत हा बिंदू यायला हवा. हॉर्न धरून ठेवणारे जुने तीन पाय वाकलेले होते. त्यांच्या जागी नव्या पट्ट्या कापून बसवल्या.

जुना हॉर्न आणि त्यामागची एलएनबी मी जपून उतरवली. त्या काळी उभ्या आणि आडव्या लहरींतून एक निवडायला हॉर्नमध्ये छोटी मोटर असायची. चॅनल बदललं की आतली काडी फिरायची. थंडीत ती अडकायची, मग वडील बाहेर जाऊन डिशला टिचकी मारून यायचे. आता मोटर नाही. बॉक्स केबलमधूनच १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा उभ्या लहरी निवडल्या जातात, १८ व्होल्ट पाठवतो तेव्हा आडव्या. हॉर्न, निवड आणि एलएनबी हे सगळं एकाच तुकड्यात येतं. आठ फुटी डिशच्या सी-बँडसाठी अशी एलएनबी आजही मिळते, हे आमच्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

अंबाजोगाईत ज्याच्याकडून मी ती घेतली, तो दुकानदार जुना जाणकार. त्यानं आधी विचारलं, "सर, गावाजवळ टॉवर हाय का?" आहे, फाट्यावरच. "मग फिल्टरवालीच घ्या." कारण असं. सी-बँडचे उपग्रह आपल्याकडं ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झवर पाठवतात, पण जुन्या एलएनबी ३.४ पासूनचं सगळं ऐकायच्या. तेव्हा खाली काहीच गडबड नसल्यानं बिघडत नव्हतं. २०२२ च्या लिलावात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा फाइव्ह-जीसाठी गेला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला देशात ती सेवा सुरू झाली. उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर, टॉवर फाट्यावर. त्या जवळच्या गोंगाटात उघड्या कानाची जुनी एलएनबी बधिर होते. चित्र फुटतं, आणि माणूस डिश हलवत बसतो. नवी एलएनबी ३.७ च्या खालचं दाराबाहेरच ठेवते. दोनतीनशे रुपये जास्त पडले तरी हाच भाग घ्यावा.

पुतणीचं मन मात्र दुसरीकडं होतं. तिचं म्हणणं, घरावरच्या लहान डिशला दोन फुटांत एवढे चॅनल येतात, तर तिच्यावरची एलएनबी या आठ फुटीवर लावली तर केवढा सिग्नल येईल! प्रश्न चांगला होता, म्हणून आम्ही करूनच बघितलं. बॉक्समध्ये क्वालिटीचा पट्टा हलला, थरथरला, पण कुठंच ठरला नाही.

कारण जाळीत होतं. लहरी जाळीतून आरपार जाऊ द्यायच्या नसतील तर भोकं लहरीच्या लांबीच्या मानानं फार बारीक हवीत. १९७५-७६ मध्ये नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून भारतात साइट नावाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या २,४०० गावांत टीव्ही पोहोचवला गेला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारच्या कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे जिल्हे होते. तिथल्या दहा फुटी डिश चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या होत्या. ते चालून गेलं, कारण तो उपग्रह ८६० मेगाहर्ट्झवर पाठवायचा आणि त्याची लहर ३५ सेंटीमीटर लांब होती. आमच्या छत्रीच्या सी-बँडची लहर साडेसात सेंटीमीटर, तिला वडिलांनी आणलेली सहा मिलिमीटर भोकांची जाळी पुरते. लहान डिशवर येणाऱ्या केयू-बँडची लहर पावणेतीन सेंटीमीटरच, ती या जाळीतून बरीचशी निसटते. ज्वारीच्या चाळणीत पीठ कसं राहील? पीठ पाहिजे तर चाळण बदलावी लागते, म्हणूनच लहान डिश पत्र्याच्या असतात. शिवाय पृष्ठभागावरचा जो तीन-चार मिलिमीटरचा पोचा सी-बँडला कळतही नाही, तो केयू-बँडचं गणित मोडतो. पुतणीनं हे सगळं वहीत लिहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरची निराशा मात्र लगेच गेली नाही.

मग ठरलं की मोठी छत्री तिच्या मूळ कामाला, सी-बँडलाच ठेवायची. आणि तिच्या शेजारी, बंद पडलेल्या एका खासगी सेवेची दोन फुटी डिश उभी करून ती दूरदर्शनच्या फ्री डिशला लावायची.

फ्री डिश मी मनापासून लोकांना सांगतो. १६ डिसेंबर २००४ ला डीडी डायरेक्ट प्लस या नावानं ती सुरू झाली. महिन्याचं काही द्यावं लागत नाही. एकदा बॉक्स घेतला की झालं. आमच्या भागात याचं महत्त्व किती आहे ते दिवाळीनंतर गावात येऊन बघावं. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर भरतात आणि गाव रिकामं होतं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. त्या घरांत संध्याकाळी बोलणारं माणूस नसतं. मुलगा सांगली-कोल्हापूरकडं कोयता चालवत असताना इकडं रिचार्ज संपला तर तो कुणी करायचा? शेजारच्या काकूंना मोबाइलवरून पैसे पाठवता येत नाहीत. टीव्ही बंद पडतो आणि चार-पाच महिने बंदच राहतो. त्या म्हणायच्या, "मला काय, कीर्तन दिसलं आन् पाऊसपाण्याचं कळलं की बास."

फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ वरून येते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कौरूहून एरियन-५ रॉकेटवरून गेला. त्याआधी फ्री डिश त्याच जागी असलेल्या इन्सॅट-४बी वरून यायची. २०१६ च्या सुरुवातीला सेवा एका उपग्रहावरून दुसऱ्यावर गेली तेव्हा आकाशातली जागा तीच राहिली, फ्रिक्वेन्सी तेवढ्या बदलल्या. बॉक्समध्ये ११०९० मेगाहर्ट्झ, उभ्या लहरी, सिम्बॉल रेट २९५०० असे नवे आकडे टाकून शोध घेतला असता तर सगळं आलं असतं. पण गावात काय झालं? चॅनल गेले म्हणून लोकांनी छतावर चढून डिश हलवल्या. जी गोष्ट बरोबर होती तीच बिघडवली आणि जी बदलायची ती घरात तशीच राहिली. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेलो की डिशला हात लावायच्या आधी बॉक्सच्या मेनूत बघतो.

केजच्या आसपास ९३.५ अंशांचा उपग्रह बरोबर आग्नेयेला, म्हणजे उत्तरेपासून साधारण १३५ अंशांवर, आणि जमिनीपासून ६० अंश वर असतो. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर बघता येते, फक्त लोखंडी पाइपापासून दहा पावलं लांब उभं राहून. जवळ धरला तर पाइप त्याला फसवतो. समोर एखादी खूण धरायची. आम्ही मारुतीच्या देवळाच्या बाजूचं लिंबाचं झाड धरलं. उंचीत लोकांचा घोटाळा होतो तो वेगळा. लहान डिशची एलएनबी समोर मधोमध नसून खालच्या बाजूला दांडीवर असते, त्यामुळं अशी डिश प्रत्यक्षात दिसते त्यापेक्षा पंचवीस अंश वर बघत असते. ६० अंशांवर लावलेली लहान डिश ३५ अंशांवर झुकल्यासारखी भासते. आमची मोठी छत्री मात्र खरोखरच ६० अंश वर तोंड करून बसते. दोघी शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा भाऊ म्हणाला, "ह्या दोघी एकीकडं बघायल्यात असं वाटतच न्हाई."

बॉक्समध्ये दोन पट्टे असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थचा पट्टा एलएनबीला नुसती वीज मिळाली तरी भरतो. त्याच्यावर विसंबू नये. क्वालिटी खरी. क्वालिटीसाठी आधी पाइपवरची पकड जरा ढिली करून डिश केसभर-केसभर फिरवायची, प्रत्येक वेळी क्षणभर थांबायचं, कारण बॉक्सला कळायला तेवढा वेळ लागतो. मग उंचीचा बोल्ट. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत डावी-उजवीकडं फिरवून बघायची. आकडा जिथं सगळ्यांत वर जाईल तिथं आवळायची. पुतणी टीव्हीसमोर, भाऊ दारात, मी पाइपाजवळ. "सत्तर... पंच्याहत्तर... गेलं, गेलं, माघारी घ्या काका!" काकूही दाराशी येऊन बसल्या होत्या. सह्याद्रीवर बातम्या चालू झाल्या.

हे कळल्यावर शेजारच्या घरांतून बोलावणी आली. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडं ९५ अंशांवरच्या सेवेच्या डिश पडून होत्या, त्यांचं काम सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत नाजूक. ९५ आणि ९३.५ हे आकाशात सख्खे शेजारी. डिश दक्षिणेकडं अडीच अंश फिरवायची आणि एक अंशभर वर उचलायची, बस. पण चार सेंटीमीटर जाडीच्या पाइपावर अडीच अंश म्हणजे मिलिमीटरभरसुद्धा नाही. आधी खिळ्यानं पाइपावर आणि पकडीवर मिळून एक उभी रेघ ओढायची आणि ती रेघ जेमतेम फाकली की थांबायचं. जोरात फिरवलं की उपग्रह कधी गेला ते कळतही नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या एका टोळीनं ट्रॅक्टरवर डिश बांधून न्यायची ठरवली होती. दरवर्षी कारखान्याच्या तळावर कोपी पडली की दोन-दोन संध्याकाळी ती लावण्यात जायच्या. मी इथलं आणि तिथलं गणित मांडून बघितलं. सांगलीला दिशा १३० अंश येते, इथल्यापेक्षा पाच-सहा अंश पूर्वेकडं. उंची मात्र साठ-साडेसाठ, जवळजवळ तीच. बेळगावला गेलं तरी उंचीत एका अंशाचाच फरक. म्हणजे उंचीचा बोल्ट इथं गावातच पक्का आवळून, त्यावर रंगाची खूण करून न्यायचा आणि तिथं त्याला हातच लावायचा नाही. फक्त खांब ओळंब्यात उभा करायचा आणि डिश त्याच्याभोवती फिरवायची. दोन गोष्टी शोधायच्या होत्या, त्यांतली एक इथंच संपली. पोरांना ओळंब्यासाठी दोरी आणि नट दिलं. मकरसंक्रांतीच्या सुमारास त्यांचा तळावरून फोन आला. अंधार पडायच्या आत लागलं होतं.

घरच्या छत्रीचं शेवटचं काम केबलचं. जुनी काळी केबल उंदरांनी कुरतडलेली, आतली तार हिरवी पडलेली. तिच्या जागी आरजी-६ टाकली. प्रत्येक एफ कनेक्टरला टेप गुंडाळली आणि एलएनबीजवळ केबलला खाली लोंबता वळसा ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरात न शिरता वळशावरून गळून जातं. दोन डिशच्या दोन केबली एका डायसेक स्विचमध्ये जोडल्या आणि त्यातून एकच केबल घरात नेली. स्विचच्या पहिल्या तोंडाला सी-बँड, बॉक्समध्ये आकडा ५१५०. दुसऱ्या तोंडाला केयू-बँड, आकडा ९७५०. हे आकडे म्हणजे एलएनबी आत जी स्वतःची लहर तयार करते तिची फ्रिक्वेन्सी. आभाळातून ११०९० आलं, त्यातून ९७५० वजा झाले, केबलमधून १३४० गेलं. इतक्या वरची लहर केबलमधून लांब जाऊ शकत नाही, म्हणून ती डिशवरच खाली उतरवायची. बॉक्स डीव्हीबी-एस२ आणि एमपीईजी-४ वाचणारा घेतला. त्यातलं एक जरी नसलं तरी अर्धे चॅनल काळे दिसतात. पाइपाला तांब्याची तार बांधून ओलीच्या जागी जमिनीत पुरली. आमच्याकडं वळवाच्या पावसात वीज पडून माणसं-जनावरं जातात. परसात उभ्या धातूला अर्थिंग नसणं चालणार नाही.

दोन्ही ठेवल्याचा फायदा जूनमध्ये कळला. मृगाचा पहिला दणका आला आणि लहान डिशचं चित्र चौकटी-चौकटी होऊन गेलं. पावणेतीन सेंटीमीटरची लहर दाट पावसात शोषली जाते. बॉक्स सी-बँडवर नेला. त्याच ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१७ वरून दूरदर्शन स्वच्छ येत होतं. आषाढीची पंढरपूरची महापूजा काकूंनी याच छत्रीवर बघितली, बाहेर धो धो चालू असताना.

आता पुतणीनं नवं काढलं आहे. ८३ अंशांवर जीसॅट-३० आहे, त्याच्यावरही सी-बँड आहे. छत्री न हलवता तो घ्यायचा, असं तिचं म्हणणं. आरशात होतो तसा डिशमध्येही डावा-उजवा उलटा होतो: पश्चिमेचा उपग्रह पाहिजे तर दुसरी एलएनबी पहिलीच्या पूर्वेला लावावी लागते. किती अंतरावर, हे तिनं नाभी-अंतर आणि आकाशातल्या कोनावरून काढलं, जवळपास वीस सेंटीमीटर आलं. बाजूला बसल्यानं सिग्नल थोडा कमी होईल, पण आठ फुटांत तेवढी शिल्लक असावी, असा माझाही अंदाज आहे. स्विचची दोन तोंडं रिकामी आहेतच. भाऊ केजला जाणार आहे, त्याला ॲल्युमिनियमची दीड इंची पट्टी आणायला सांगितली आहे, आणि सोबत फिल्टरवाली आणखी एक एलएनबी.